सत्तेला विचारलेला प्रश्न : दूरचित्रवाणीवरील राजकीय मुलाखतींचा ठेवा

दूरचित्रवाणीवरील राजकीय मुलाखत हा विषय इतिहासाच्या व्याख्यानाला शोभतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इतिहास म्हटला की आपल्यापुढे ताम्रपट, बखरी, दफ्तरे आणि लढाया उभ्या राहतात. रात्री जेवणाच्या वेळी घरात चालू असलेला पडदा, त्यावर समोरासमोर बसलेली दोन माणसे आणि मध्येच येणारी साबणाची जाहिरात, यांत इतिहास कोठे आला? आमचे उत्तर असे की, इतिहासाची साधने ज्या काळात निर्माण होतात त्या काळात ती कोणालाच साधने वाटत नाहीत. कुळकर्ण्याने मांडलेला जमाखर्च हा त्याच्या लेखी रोजचा हिशेब होता. राजवाड्यांनी गावोगाव फिरून असले कागद गोळा केले तेव्हा त्यांचा इतिहास झाला, आणि राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आज आपल्या शेजारी धुळ्यासच उभे आहे.

आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या व शेतमजुरांच्या संघटनेत गेले, आणि जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत व एस.टी.च्या प्रवासात झाले. तेव्हा या विषयाकडे आम्ही पाहतो ते वाटाघाटीला बसणाऱ्या माणसाच्या नजरेने. वाटाघाटीत पहिला धडा मिळतो तो हा की, बोललेला शब्द आणि नोंदलेला शब्द यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. एका कारखान्यात आमच्यादेखत व्यवस्थापनाने हंगामी कामगारांना कायम करण्याचे तोंडी कबूल केले. तीन महिन्यांनी त्याच टेबलावर, त्याच माणसांनी, असे काही बोलणे झालेच नाही असे सांगितले. त्या दिवसापासून बैठकीचे इतिवृत्त लिहून, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय चहाचा कप उचलायचा नाही, असा आमचा नेम आहे. वर्षानुवर्षे चालणारा राजकीय मुलाखतीचा कार्यक्रम म्हणजे सबंध जनतेने राज्यकर्त्यांशी चालवलेल्या वाटाघाटीचे इतिवृत्त होय. त्याचे मोल त्या रात्रीच्या खळबळीत नाही. ते पुढच्या दहा, वीस, पन्नास वर्षांत आहे. एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

पडद्यापूर्वीची परंपरा

सत्तेला प्रश्न विचारणे आणि उत्तर नोंदून ठेवणे ही कला महाराष्ट्राने दूरचित्रवाणीपासून शिकलेली नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च होतो, हा त्यांचा सवाल. तो सवाल छापला गेला म्हणून टिकला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी आणि दुपारची विश्रांती या त्यांतील मागण्या आज साध्या वाटतात. त्या काळी त्या उद्धटपणाच्या ठरल्या होत्या.

पुढे आयोगांपुढील तोंडी साक्षी आल्या. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली पुण्यास सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची साक्ष झाली. समितीने विचारावे, त्यांनी उत्तर द्यावे, उलट प्रश्न यावा, त्यांनी आणखी खोल जावे, असा तो प्रकार होता. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध केले, त्यांत ही प्रश्नोत्तरे आहेत, आणि तरुण कार्यकर्ते ती आजही वाचतात. भाषणात वक्ता आपल्या सोयीचे तेवढे बोलतो. प्रश्नोत्तरांत त्याला दुसऱ्याच्या रस्त्याने चालावे लागते. म्हणूनच माणसाच्या विचाराचा कणखरपणा किंवा पोकळपणा प्रश्नोत्तरांत अधिक दिसतो.

आम्हां कामगार चळवळीतील लोकांना तर व्हिटली कमिशनचे उदाहरण विसरता येत नाही. १९२९ साली नेमलेल्या या शाही आयोगावर ना. म. जोशी हे सदस्य होते. आयोगाने आपला अहवाल १९३१ साली दिला. मुंबई इलाख्यातील साक्षी स्वतंत्र खंडात छापल्या गेल्या. गिरणीमालक काय म्हणाले, सरकारी अधिकारी काय म्हणाले, कामगार काय म्हणाले, हे शब्दशः त्यांत आहे. आयोगाच्या शिफारशी जुन्या झाल्या, पण साक्षी जुन्या होत नाहीत. मुकादमाची दस्तुरी, पठाणाचे व्याज, चाळीतील एका खोलीत राहणारी माणसे, हे सर्व जाणून घ्यावयाचे तर अभ्यासकाला आजही त्याच पानांकडे वळावे लागते.

तात्पर्य, प्रश्न, उत्तर आणि नोंद या तीन गोष्टी एकत्र आल्या की इतिहासाचे साधन तयार होते. दूरचित्रवाणीने त्यांत चौथी गोष्ट घातली: चेहरा. उत्तर देण्यापूर्वी किती वेळ गेला, डोळे कोणीकडे वळले, कोणत्या प्रश्नावर पाण्याचा पेला हाती घेतला, हे छापील साक्षीत येत नाही, फितीवर येते.

सरकारी पडदा आणि खाजगी पडदा

जगात या प्रकाराची सुरुवात आपल्यापूर्वी झाली. अमेरिकेत ‘मीट द प्रेस’ हा कार्यक्रम १९४७ साली दूरचित्रवाणीवर आला व तो अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली रॉबिन डे यांनी पंतप्रधान मॅकमिलन यांना त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यावर होणाऱ्या टीकेविषयी सरळ प्रश्न केला, तेव्हा पंतप्रधानाला असे विचारता येते हेच तेथील लोकांना नवल वाटले. जर्मनीत ग्युंटर गाउस यांनी १९६३ पासून एकेका व्यक्तीला समोर बसवून तासन्‌तास वाटावे इतक्या शांतपणे प्रश्न विचारले. १९६४ सालची हाना आरेंट या विदुषीची त्यांनी घेतलेली मुलाखत आज जगभर पाहिली व वाचली जाते. अमेरिकेतील ‘फायरिंग लाइन’ हा कार्यक्रम १९६६ पासून १९९९ पर्यंत एकाच माणसाने, विल्यम बकली यांनी, चालविला. त्यांची मते आमच्या मतांच्या अगदी उलट होती, तरीही त्या कार्यक्रमाचा संग्रह एका विद्यापीठाच्या संस्थेत जपून ठेवला आहे हे पाहून आम्हांला हेवा वाटतो. तेहतीस वर्षांत एका देशाने कशावर वाद घातला, याचा तो खतावणीसारखा हिशेब आहे.

आपल्याकडे दिल्लीस १९५९ साली दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी आपल्या शहाद्यात काय चालले होते ते आठवावे. ३० जानेवारी १९७२ रोजी येथे भूमुक्ती मेळावा झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्यामागे हजारो आदिवासी शेतमजूर उभे राहिले होते, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. गहाण पडलेल्या जमिनी, सालदारांचे वर्ष, बाईच्या अब्रूचा प्रश्न, हे सर्व त्या वेळी येथे बोलले जात होते. मुंबईत नवा पडदा लागला होता आणि सातपुड्याच्या पायथ्याशी माणसे प्रथमच मान वर करून प्रश्न विचारीत होती. परंतु या दोहोंची गाठ पडली नाही. त्या लढ्याचे शब्द पत्रकांत, गाण्यांत आणि काही अभ्यासकांच्या लेखांत राहिले. त्या काळच्या मंत्र्याला, जमीनदाराला आणि सालदाराला एकाच खुर्चीवर बसवून, एकाच शिस्तीने प्रश्न विचारणारी फितींची मालिका असती, तर आज आपल्या नातवंडांना तो काळ वेगळा समजावून सांगावा लागला नसता.

त्या वेळचा पडदा सरकारी होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत या पडद्याचा व आकाशवाणीचा कसा वापर झाला, याची श्वेतपत्रिकाच १९७७ साली नव्या सरकारने काढली. १९७८ साली वर्गीज समितीने स्वायत्त संस्थेची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. मागणी मंजूर होते, करारावर सही होते, अंमलबजावणी मात्र सात वर्षे लांबते. कामगाराला हा अनुभव नवा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्या वेळी देशात दूरचित्रवाणी एकच होती, आणि ती सरकारची होती. गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय होणार, हा प्रश्न मालकांना व मंत्र्यांना त्या वेळी वर्षानुवर्षे, जाहीरपणे, एकाच ठिकाणी विचारला गेला असता तर गिरणगावाचे भवितव्य बदलले असते असा दावा आम्ही करीत नाही. मात्र कोणी काय आश्वासन दिले होते, यावर आज वाद उरला नसता.

सरकारी पडद्यावर एक चांगला अपवाद घडला, तोही सांगितला पाहिजे. १९८५ साली दूरदर्शनवर ‘जनवाणी’ हा कार्यक्रम आला. विनोद दुआ त्याचे सूत्रधार होते. सामान्य नागरिकांनी मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारावेत अशी त्याची रचना होती. ती ज्या देशात मंत्र्याच्या गाडीपुढे हात जोडून उभे राहण्याची सवय, त्या देशात किती मोठी होती याचा विचार करावा.

१९९२ साली झी टीव्ही आली. १९९३ साली त्यावर रजत शर्मा यांची ‘आप की अदालत’ सुरू झाली. पुढे वाहिन्या बदलल्या, कार्यक्रम चालूच राहिला. त्यातील आरोपीचा पिंजरा, न्यायाधीश, टाळ्या वाजविणारा प्रेक्षक हा सगळा तमाशाचा थाट आहे, आणि निकाल बहुधा पाहुण्याच्या बाजूनेच लागतो, हे आम्हांलाही दिसते. पण पुढाऱ्याने पिंजऱ्यात उभे राहून उत्तर द्यायचे असते, ही कल्पना या कार्यक्रमाने खेड्यापाड्यांत नेली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेतील ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निर्णय दिला. गायरानावर गावाचा हक्क असतो तसा लहरींवर जनतेचा हक्क आहे, असे आमच्या भाषेत त्याचे भाषांतर होईल.

मराठीत २००७ व २००८ साली वृत्तवाहिन्या आल्या. आयबीएन लोकमतवर निखिल वागळे यांची ‘ग्रेट भेट’ चालली; स्टार माझा, म्हणजे पुढची एबीपी माझा, या वाहिनीवर ‘माझा कट्टा’ वर्षानुवर्षे चालला. एका ठिकाणी प्रश्नाला धार होती, दुसऱ्या ठिकाणी गप्पांचा ओलावा होता. आमच्या मते दोहोंचे काम वेगळे आहे. धारदार प्रश्नाने धोरण उघडे पडते. मोकळ्या गप्पेत माणूस उघडा पडतो. पुढारी आपल्या बालपणाविषयी, पहिल्या निवडणुकीविषयी, जुन्या मित्राशी झालेल्या बेबनावाविषयी सहज बोलून जातो, आणि पन्नास वर्षांनी चरित्रकाराला त्याच ओळी लागतात. मात्र प्रश्न विचारण्याची किंमतही मोजावी लागते. २० नोव्हेंबर २००९ रोजी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी आयबीएन लोकमतच्या मुंबई व पुणे येथील कचेऱ्यांवर हल्ला केला. प्रश्न निरुपद्रवी असता तर दगड उचलण्याचे कारण पडले नसते.

दोन उत्तरांमधील अंतर

दीर्घकाळ चालणाऱ्या कार्यक्रमाची खरी शक्ती अशी की, त्यामुळे एका उत्तराशेजारी दुसरे उत्तर ठेवता येते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी बाँबस्फोट झाले. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून तेरा स्फोटांची माहिती दिली व मुस्लिम वस्तीच्या भागाचेही नाव घेतले. पुढे २००६ साली त्यांनी दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत स्वतःच सांगितले की, ती माहिती आपण जाणूनबुजून चुकीची दिली होती आणि दंगल पेटू नये हा त्यामागचा हेतू होता. त्यांनी योग्य केले की अयोग्य, यावर या सभागृहातही दोन मते पडतील, आणि पडावीत. आमचा मुद्दा निराळा आहे. राज्यकर्त्याचे पहिले विधान आणि तेरा वर्षांनंतरचे दुसरे विधान ही दोन्ही नोंदलेली असल्यामुळेच हा वाद सज्जनपणे घालता येतो. नोंद नसती तर एकाने ऐकीव गोष्ट सांगितली असती व दुसऱ्याने ती खोटी ठरविली असती.

उत्तर न देणे हीसुद्धा नोंद होते. १९९७ साली ब्रिटनमध्ये जेरेमी पॅक्समन यांनी मायकेल हॉवर्ड या माजी मंत्र्याला एकच प्रश्न सुमारे बारा वेळा विचारला. सरळ उत्तर एकदाही आले नाही. २००७ साली करण थापर यांच्या मुलाखतीतून गुजरातचे त्या वेळचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी काही मिनिटांत उठून गेले. या मौनाचा अर्थ ज्याने त्याने लावावा. कामगार आयुक्तापुढे मालक गैरहजर राहिला तर तीही गैरहजेरी इतिवृत्तात लिहिली जाते, तसेच हे आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आमच्या चळवळीतील मित्र तीन आक्षेप घेतात. पहिला असा की, वाहिन्या भांडवलदारांच्या मालकीच्या. तेथे खरा प्रश्न विचारला जाणार कसा? आक्षेप खरा आहे. पण छापखानेही धनिकांचे होते, आणि व्हिटली कमिशन तर साम्राज्याचे होते. साधन कोणाचे आहे हे ओळखून त्यातून आपल्या उपयोगाचे काढून घेणे, हे चळवळीचे काम आहे.

दुसरा आक्षेप असा की, मुलाखतीपेक्षा आता आरडाओरडच जास्त. सहा खिडक्यांत सहा माणसे एकाच वेळी ओरडतात आणि त्याला चर्चा म्हणतात. हा आक्षेप तर आमच्याच बाजूचा पुरावा आहे. त्या गोंगाटातील एकही वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. एकाच माणसाला तासभर विचारलेले शांत प्रश्न टिकतात. म्हणून मुलाखतीचा प्रकार जुना झाला असे समजून तो मोडीत काढू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: खुर्चीवर बसतात ते नेहमी पुढारीच. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या मजुराची मुलाखत कोण घेतो? या आक्षेपाला आमच्याजवळ उत्तर नाही, मागणी आहे. ती पुढे मांडतो.

आपल्या जिल्ह्याचे देणे

ब्राह्मणपुरीपासून आपल्याच तालुक्यातील टेंभली हे गाव फार दूर नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी तेथे पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी आले आणि आधार क्रमांकाच्या वाटपाची सुरुवात झाली. त्या दिवशी सगळ्या देशाचे कॅमेरे टेंभलीत होते. कॅमेरे एका दिवसासाठी येतात आणि जातात. जो कार्यक्रम दरवर्षी परत येतो व मागच्या वर्षीचे उत्तर हातात धरून पुढचा प्रश्न विचारतो, त्याची गरज टेंभलीला त्या दिवसानंतर होती.

दुसरे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील तेहतीस गावे बाधित झाली, आणि ती सर्व आपल्या जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ सालचा; बुडितापूर्वी पुनर्वसन हे त्यातील तत्त्व. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली, तीही पुनर्वसनाच्या अटीवर. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले. या अडतीस वर्षांत राज्यात किती मुख्यमंत्री झाले आणि प्रत्येकाने पुनर्वसनाविषयी काय काय सांगितले! ती सर्व उत्तरे तारीखवार एके ठिकाणी लावून ठेवली, तर शहादा-तळोदा भागातील वसाहतींत राहणाऱ्या माणसाला आपल्या अर्जासोबत जोडण्यास त्याहून चांगला कागद मिळणार नाही.

येथे जपणुकीचा प्रश्न येतो. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही १९६० व १९७० च्या दशकांत असंख्य फिती पुसून पुन्हा वापरल्या. उलट १९५५ साली बाबासाहेबांनी बीबीसीला दिलेली ध्वनिमुद्रित मुलाखत वाचली, म्हणून आज त्यांचा आवाज खेड्यातील मुलाच्या मोबाईलवरही ऐकू येतो. मे १९६४ मध्ये, निधनापूर्वी थोडे दिवस, पंडित नेहरूंनी आर्नल्ड मायकेलिस यांना दिलेली मुलाखत वाचली, म्हणून थकलेल्या पंतप्रधानाचा चेहरा आपल्याला पाहता येतो. राहिलेले थोडे आहे, गेलेले फार आहे. आज एखादी मुलाखत मोबाईलवर सापडते म्हणून ती कायमची राहिली असे समजणे भोळेपणाचे आहे. वाहिनी विकली जाते, नाव बदलते, मालकाला नको असलेली फीत एका बोटाने नाहीशी होते.

तेव्हा या व्यासपीठावरून आम्ही चार मागण्या मांडतो. पहिली, मराठी वाहिन्यांवरील दीर्घकाळ चाललेल्या राजकीय मुलाखती सार्वजनिक ठेवा म्हणून जपल्या जाव्यात आणि त्यांची प्रत जिल्हा ग्रंथालयांत पाहावयास मिळावी. दुसरी, त्या मराठीत शब्दशः लिहून काढाव्यात, कारण फितीत शोधता येत नाही, कागदात शोधता येते. तिसरी, ‘जनवाणी’सारखा, नागरिकांनीच प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम दूरदर्शनने जिल्हावार चालवावा, लहरी जनतेच्या आहेत, तेव्हा ही भीक नव्हे, हक्क आहे. चौथी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. गावातील शिकलेल्या मुलामुलींनी ग्रामसभेत सरपंचाला, ग्रामसेवकाला, आमदाराला दरवर्षी तेच पाच प्रश्न विचारावेत. रस्ता, पाणी, रेशन, मजुरी, दवाखाना. उत्तरे हातातल्या मोबाईलवर नोंदवावीत आणि वहीत तारीख घालून लिहावीत. भिल्ली, पावरी, अहिराणी, ज्या भाषेत उत्तर येईल त्या भाषेत. ऊसतोडीहून परतणाऱ्या मजुरालाही त्याच खुर्चीवर बसवून विचारावे. पहिल्या वर्षी लोक हसतील. पाचव्या वर्षी उत्तर देणारा तयारी करून येईल. दहाव्या वर्षी त्या वहीला इतिहासाची किंमत येईल, आणि तिच्या आधारे भांडता येईल.